सिलिकॉनवर एरंडेलाचा रेणू बसवताना

सिलिकॉनच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणू बसवायचे, असा विषय ज्यांच्या पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये आला आहे आणि ज्यांच्या विभागात हे काम आधी कुणी केलेलं नाही, अशांसाठी हे लिहितेय. पेपरमध्ये हा सगळा प्रकार दीड ओळीत उरकलेला असतो: वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) धुतला, ऑक्साइड काढला, द्रवात बुडवला, प्रकाश दिला. ती दीड ओळ मी एका जूनमध्ये हातात घेतली आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती माझ्या प्रगती अहवालात उतरली. मधला बराचसा काळ रसायनशास्त्राचा नव्हताच.

आमचा विभाग रसायनशास्त्राचा, विद्यापीठ जिल्ह्याच्या ठिकाणचं. सेमिकंडक्टरशी आमचा संबंध मोबाईल वापरण्यापुरता. माझ्या गाइड मॅडमना सेन्सरकडे वळायचं होतं. सिलिकॉनवर एक सेंद्रिय थर, त्या थराच्या वरच्या टोकाला कार्बोक्झिलिक आम्ल, आणि पुढे त्या आम्लाला एखादं प्रथिन जोडायचं, असा बेत.

यातला सोपा रस्ता सिलेनचा, म्हणजे स्वतःतच सिलिकॉनचा अणू असलेल्या सेंद्रिय रेणूंचा. हवेत ठेवलेल्या सिलिकॉनवर एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड आपोआप चढलेला असतो आणि सिलेनचे रेणू त्या ऑक्साइडवरच्या हायड्रॉक्सिल गटांना जाऊन बसतात. पण या अभिक्रियेला पाणी लागतं, तेही चिमूटभरच. जास्त झालं की सिलेनचे रेणू पृष्ठभाग सोडून एकमेकांनाच धरतात. आम्ही सुरुवात केली ऐन पावसाळ्यात. लॅबच्या भिंतीवरचं आर्द्रता दाखवणारं यंत्र नव्वदच्या खाली यायला तयार नव्हतं. टोल्युइनमधलं स्वच्छ द्रावण डोळ्यांदेखत दुधाळ व्हायचं आणि वेफरवर पांढरे कण बसायचे. ग्लोव्हबॉक्स, म्हणजे कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी, असता तर गोष्ट वेगळी होती. शिवाय खारट पाण्यात हा थर हळूहळू सुटतो, आणि मध्ये ऑक्साइड राहिल्यामुळे विजेचा संकेतही मंदावतो. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ऑक्साइड काढूनच टाकू. कार्बन थेट सिलिकॉनला जोडू."

ही वाट लिनफर्ड आणि चिडसी यांनी १९९३ मध्ये स्टॅनफर्डला दाखवली. आधी ऑक्साइड काढायचा, उघड्या पडलेल्या सिलिकॉनच्या अणूंवर हायड्रोजन बसवायचा, आणि मग टोकाला दुहेरी बंध असलेला लांब साखळीचा रेणू त्याच्यासमोर आणायचा. उष्णता किंवा अतिनील प्रकाश दिला की कुठेतरी एखाद्या सिलिकॉनवरचा हायड्रोजन जातो आणि त्याचा एक बंध मोकळा पडतो. समोरच्या रेणूचा दुहेरी बंध तिथे येऊन जुळतो. मात्र तसं होताना रेणूच्या दुसऱ्या कार्बनवर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. तो शेजारच्या सिलिकॉनवरचा हायड्रोजन ओढून घेतो, म्हणजे आता शेजारचा बंध मोकळा. खो-खोत खो मिळाल्यासारखं हे पुढेपुढे जातं. ही नुसती कल्पना नव्हे. २००० साली कॅनडातल्या लोपिन्स्की, वेनर आणि वोल्को यांनी हायड्रोजन बसवलेल्या सिलिकॉनवर स्टायरीन सोडलं, तेव्हा एकेका मोकळ्या बंधापासून रेणूंच्या सरळ रेषा वाढत गेलेल्या त्यांना टनेलिंग सूक्ष्मदर्शकात दिसल्या.

अति-निर्वातात काम करणारे लोक हायड्रोजनच्या भानगडीत न पडताही हे करतात. त्यांच्याकडे सिलिकॉन १०० या पृष्ठभागावरचे (१००, १११ हे आकडे स्फटिक कुठल्या दिशेने कापला ते सांगतात) अणू दोन-दोनच्या जोड्यांनी बसलेले असतात. ती जोडी एका बाजूला झुकलेली असते, त्यामुळे एथिलीनसारखा साधा रेणूही तिच्यावर बसतो. एरवी कक्षकांच्या सममितीचे नियम अशा बेरजेला आडवे येतात. पण त्यासाठी निर्वात कुठल्या दर्जाचा लागतो ते बघा: दाब एका टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) दहा लाखाव्या भागाइतका कमी असला तरी सेकंदाभरात पृष्ठभागाच्या दर अणूमागे साधारण एक वायुरेणू येऊन आदळतो. तसली यंत्रणा कोट्यवधींची. आम्ही बाटलीतल्या रसायनांची माणसं, म्हणून हायड्रोजनचं पांघरूण.

रेणू निवडला अंडेसिलेनिक आम्ल. अकरा कार्बनची साखळी, एका टोकाला दुहेरी बंध, दुसऱ्या टोकाला आम्ल. आम्हाला हवं तेच. हा रेणू एरंडेलाचं उच्च तापमानाला विघटन करून मिळवतात आणि एरंडेलाच्या उत्पादनात भारत जगात पहिला, त्यामुळे अख्ख्या प्रकल्पात हीच एक वस्तू स्वस्तात आणि लगेच मिळाली. अर्धा लिटर दोन-अडीच हजारांत. वास मात्र घामट असतो. ॲप्रन घरी नेऊ नका.

बाकीची खरेदी म्हणजे वेगळंच पुराण. जुलैमध्ये इंडेंट भरला. सिलिकॉन १११ दिशेचा, चार इंची, एका बाजूने पॉलिश केलेला वेफर हवा होता. बाजारात १०० दिशेचे वेफर सहज मिळतात, १११ सांगितलं की समोरचा आधी थांबतो आणि मग "बघून कळवतो" म्हणतो. आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोधायचं, तिथे नसेल तर नाही म्हणून जेमचाच अहवाल काढून फाइलला लावायचा, मग तीन कोटेशन्स, तुलनात्मक तक्ता, पर्चेस कमिटी. आमची कमिटी गणपतीच्या आधी बसायची ती दसऱ्यानंतर बसली. तिसरं कोटेशन मिळेना, कारण ही वस्तू विकणारेच थोडे. स्टोअरमधल्या काकांनी शेवटी मार्ग सांगितला: वस्तूचं तपशीलवार वर्णन, ती तशीच का हवी याचं गाइडच्या सहीचं अर्धं पान, आणि "दोनच पुरवठादार उपलब्ध" असा शेरा. ते अर्धं पान पहिल्याच दिवशी फाइलला लावलं असतं तर फाइल बरीच आधी हलली असती, असं काका म्हणाले. पंचवीस वेफरचा डबा तीस हजारांच्या आसपास पडला. टेफ्लॉनचे बीकर आणि चिमटे यांचा खर्च कुणी अंदाजपत्रकात धरत नाही. एकेक बीकर दोन हजारांच्या पुढे जातो आणि तो टाळता येत नाही, कारण हायड्रोफ्लोरिक आम्ल काचच खातं.

त्या आम्लाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त भीती मला त्याची वाटत होती आणि ती वाटणं बरोबरच आहे. सौम्य द्रावण कातडीवर पडलं तर लगेच काही जाणवत नाही. फ्लोराइड आत उतरतं, शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि वेदना काही तासांनी सुरू होतात. आमच्या विभागात ते हाताळण्याची सोय नाही आणि प्रशिक्षित माणूसही नाही, तेव्हा मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हे इथे करायचं नाही. आयआयटी मुंबई आणि बंगळूरचं आयआयएससी इथल्या इनुप (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम) कार्यक्रमाची माहिती तेव्हाच कळली. बाहेरच्या विद्यार्थ्यांना कार्यशाळा, प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग प्रस्ताव मंजूर झाल्यास क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) वापरायला, असा तो टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम २००८ पासून आहे. तुमच्या विभागात काहीच नसेल तर तिथला अर्ज जरूर बघा. माझं काम मुंबईतल्याच दुसऱ्या एका केंद्रात जमलं, मॅडमच्या ओळखीने आणि कुलसचिवांच्या पत्राने. ते पत्र मिळवायला विभागप्रमुख, अधिष्ठाता, मग कुलसचिव असा प्रवास. पत्रात विद्यार्थ्याच्या विम्याचा उल्लेख लागतो, तो नसल्यामुळे एकदा परत आलं. आधीच विचारून घ्या.

डिसेंबरात प्रशिक्षण झालं. पहिल्या दिवशी नुसती भाषणं आणि लेखी परीक्षा. मग जाड ग्लोव्हज, फेसशील्ड, ॲप्रन हे सगळं चढवून फक्त पाण्याने सराव. आम्लाच्या बेंचवर एकट्याने उभं राहायचं नाही, सोबत दुसरा माणूस हवाच. हे आम्ल अंगावर पडलं तर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठे आहे ते डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, असं तिथले तंत्रज्ञ म्हणायचे आणि खरंच विचारायचे. ती जेल ताजी आहे का, तारीख उलटून गेली नाही ना, हे बघायची सवय मला तिथेच लागली.

वेफरचे तुकडे करणं ही एक मजाच. हिऱ्याच्या टोकाच्या पेनने काठाशी रेघ मारायची आणि हलकासा दाब द्यायचा. १०० दिशेचा वेफर काटकोनात तुटतो. १११ चा साठ अंशांत, म्हणजे चौकोन हवा असेल तरी हाती त्रिकोण येतात. स्फटिकाच्या रचनेवर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती, पण ती समजली तिथे. त्रिकोणांना उगाच चौकोन करत बसू नका, त्रिकोणावरही सगळी मोजमापं होतात.

धुण्याची पद्धत व्हर्नर कर्न यांनी आरसीए कंपनीत १९६५ मध्ये बसवलेली, ती अजून सगळीकडे चालते. अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी, सत्तर-पंच्याहत्तर अंशांवर. या स्नानानंतर तुकडा बाहेर काढला की पाणी त्याच्यावर एकसंध पसरलेलं असतं. मग सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लात मिनिटभर. तंत्रज्ञ म्हणाले, "आता नीट बघा." चिमट्यातला तुकडा त्यांनी सावकाश वर उचलला. द्रव वरच्या टोकापासून मागे सरकत गेला, खालच्या कोपऱ्यात एक थेंब जमला, तोही गळून पडला, आणि तुकडा पूर्ण कोरडा बाहेर आला. पुसायचं कारणच नाही. ऑक्साइडला पाणी आवडतं, हायड्रोजन बसलेल्या सिलिकॉनला आवडत नाही. कुठलंही यंत्र न लावता ऑक्साइड गेला हे कळतं ते असं.

आम्लाच्या नावात फ्लोरीन असून वर हायड्रोजन कसा बसतो, असा प्रश्न मला तोंडी परीक्षेतही आला होता. सिलिकॉन आणि फ्लोरीनचा बंध मजबूत आहे खरा, पण फ्लोरीन इलेक्ट्रॉन इतके आपल्याकडे ओढतो की त्या अणूचे खालच्या सिलिकॉनशी असलेले बंध कमकुवत होतात. आम्ल नेमकं तिथे घुसतं, वरचा अणू फ्लोरीनसकट निघून जातो आणि खाली राहिलेल्या सिलिकॉनवर हायड्रोजन येतो.

पण नुसत्या हायड्रोफ्लोरिक आम्लाने पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर खडबडीत राहतो. त्यासाठी पुढची पायरी ४० टक्के अमोनियम फ्लोराइडची, पंधरा-वीस मिनिटं. हे द्रावण पायऱ्यांच्या कडेचे अणू भराभर काढतं आणि सपाट भागाला फारसा हात लावत नाही. परिणामी रुंद, सपाट पायऱ्या मिळतात आणि प्रत्येक सिलिकॉनवर एकेकच हायड्रोजन, सरळ उभा. अवरक्त वर्णपटात २०८३.७ प्रति सेंटिमीटरला एकच बारीक टोकदार रेघ दिसली की समजायचं, जमलं. द्रावणातला विरघळलेला ऑक्सिजन आधी वायूचे बुडबुडे सोडून काढावा लागतो, नाहीतर पृष्ठभागावर खड्डे पडतात.

इथून पुढे घड्याळ धावतं. हा पृष्ठभाग हवेत थोडाच वेळ टिकतो, म्हणून पुढचं सगळं आधी मांडून ठेवावं लागतं. जानेवारीत माझी पाळी आली, आणि त्या सकाळी अंडेसिलेनिक आम्ल बाटलीत गोठलेलं. ते साधारण २४ अंशांना वितळतं, आणि लॅबचा एसी बाविसावर. कोमट पाण्यात बाटली धरून बसले. तुमचं काम थंडीत असेल तर बाटली आदल्या रात्री एसीबाहेर ठेवायला सांगा. वितळल्यावर त्यातूनही नायट्रोजन सोडत ऑक्सिजन काढायचा. इथे नायट्रोजनचा दर्जा महत्त्वाचा. ९९.९ टक्के शुद्ध म्हणजे दहा लाखांत हजार भाग दुसरं काहीतरी, ९९.९९९ म्हणजे दहाच भाग. आम्ही मागवला होता दुसरा, आला पहिला, चलनावर मात्र दुसराच लिहिलेला. सिलिंडरच्या मानेवरची चिठ्ठी वाचल्यामुळे कळलं, आणि बदलून येईपर्यंत आठवडा गेला. चिठ्ठी वाचा, चलन नको.

अभिक्रिया मी प्रकाशाने केली. ३१२ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, तीन तास, शुद्ध अंडेसिलेनिक आम्लात बुडालेला त्रिकोण. या तीन तासांत करण्यासारखं काहीही नसतं. दार बंद, दिव्यावर काळं कापड. उष्णतेनेही हे होतं, पण तापमान वाढवलं तर आम्लाचं टोकही सिलिकॉनला चिकटायला बघतं अशी शंका पेपरांतून घेतलेली आहे. काहीजण म्हणून ते टोक एस्टर करून झाकून ठेवतात आणि नंतर उघडतात. आम्ही झाकलं नाही, पायरी वाढवायची नव्हती.

नंतरचं धुणं अनेकजण हलक्यात घेतात. थराच्या वरच्या बाजूला आम्लांची टोकं रांगेत उभी असतात, आणि मोकळे अंडेसिलेनिक आम्लाचे रेणू त्यांच्याशी हायड्रोजन बंधाने जोडी जमवून वरच बसून राहतात. साध्या विद्रावकाने ते हलत नाहीत. एलिप्सोमीटरवर (परावर्तित प्रकाशावरून थराची जाडी मोजणारं यंत्र) जाडी अपेक्षेच्या दीडपट येत होती, आणि बघताना छान वाटत होतं. पॅरिसजवळच्या एका गटाने २००६ मध्ये यावर उपाय लिहून ठेवला आहे: ७५ अंशांचं ॲसिटिक आम्ल, अर्धा तास. लॅबभर लोणच्याच्या बरणीचा वास सुटला, पण जाडी सव्वा नॅनोमीटरवर आली, म्हणजे एका रेणूच्या लांबीइतकी.

एक गोष्ट अपेक्षेत बसवून घ्या. प्रत्येक सिलिकॉनवर साखळी बसत नाही, बसूच शकत नाही. या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७८० लाख कोटी अणू असतात, शेजारच्या दोघांत अंतर ०.३८४ नॅनोमीटर. साखळीची जाडी त्याहून जास्त. म्हणून फार तर निम्म्या जागा भरतात, उरलेल्यांवर हायड्रोजन तसाच राहतो. पन्नास टक्के आलं म्हणून मी रडवेली झाले होते, तेव्हा मॅडमनी वहीत गोल काढून दाखवले.

मग एक्सपीएस, म्हणजे क्ष-किरण टाकून पृष्ठभागावर कुठली मूलद्रव्यं कुठल्या बंधांत आहेत ते सांगणारी मोजणी. अर्ज, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, एसबीआय कलेक्टवर पैसे. नमुन्यामागे बाराशे रुपये, वर १८ टक्के जीएसटी. स्लॉट मिळाला फेब्रुवारीच्या शेवटचा. त्याआधी दोन दिवस ईमेल: यंत्र बंद, निर्वात पंप दुरुस्तीला. नवीन तारीख एप्रिलची. इकडे लेखा विभाग म्हणतो मार्चअखेर बिल द्या, नाहीतर निधी परत जाईल. प्रोफॉर्मा इनव्हॉइस घेऊन आगाऊ पैसे भरता येतात, आणि त्यावर "सेवा पुढील आर्थिक वर्षात" असा शेरा चालतो. आमच्याकडे तरी चालला. फेलोशिपही तेव्हा अडकलेली होती, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या बाबांच्या पैशांवर झाल्या. तो काळ वाईट गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

या सगळ्यात मला काळजी होती नमुन्यांची. एकाच दिवशी तयार केलेले दोन तुकडे: एकावर थर, दुसऱ्यावर नुसता हायड्रोजन, तुलनेसाठी. दोन्ही वेफरच्या डबीत, प्लास्टिकच्या झिप पिशवीत नाही, कारण पिशवीतली तेलकट द्रव्यं पृष्ठभागावर येतात. मूळ बेत दोन दिवसांत मोजायचा होता, गेला महिन्याहून जास्त.

एप्रिलमध्ये मोजणी झाली तेव्हा ऑपरेटरशेजारी बसायला मिळालं. सिलिकॉनचं शिखर ९९.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येतं आणि ऑक्साइड असेल तर १०३ जवळ दुसरा उंचवटा दिसतो. नुसत्या हायड्रोजनच्या तुकड्यावर तो उंचवटा ठळक होता. थर असलेल्यावर तिथे रेघ जवळजवळ सपाट. ताजे नमुने लगेच मोजले असते तर दोन्ही सारखेच स्वच्छ दिसले असते आणि थर संरक्षण करतो हे वेगळा प्रयोग करून दाखवावं लागलं असतं.

ऑगस्टमध्ये सल्लागार समितीसमोर बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कार्बन तर हवेतूनही बसतो. हा तुमचाच कशावरून?" प्रश्न रास्त आहे आणि तुम्हालाही येणार. हवेत राहिलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर एक्सपीएस कार्बन दाखवतंच, तेव्हा नुसत्या कार्बनच्या शिखरावर काही सिद्ध होत नाही. पण अंडेसिलेनिक आम्लातल्या अकरा कार्बनपैकी एकच आम्लाचा. तो २८९ च्या पुढे वेगळा दिसायला हवा आणि उरलेल्यांशी त्याचं प्रमाण एकास दहाच्या जवळ हवं. माझं एकास बाराच्या आसपास आलं, म्हणजे थोडी धूळमाती होती, पण फार नाही. शिवाय पृष्ठभागाशी पाण्याच्या थेंबाचा कोन ऐंशी अंशांच्या वरून पन्नाशीवर उतरला होता, म्हणजे पाणी आता जास्त पसरत होतं. सर म्हणाले ठीक आहे, पण आम्लाला नायट्रोजन असलेलं काहीतरी जोडून दाखवा.

सध्या तेच चाललंय. आम्लाचं टोक सक्रिय करून त्याला अमाइन जोडायचं आणि ४०० इलेक्ट्रॉन-व्होल्टला नायट्रोजन दिसतो का बघायचं. नमुने अजून व्हायचे आहेत. एक्सपीएसच्या स्लॉटचा अर्ज मात्र मागच्याच आठवड्यात भरून टाकला.